सिसिलीच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिसिलीला जायचं ठरलं की खरी अडचण गावं निवडताना येते. किनाऱ्यावर एकापेक्षा एक देखणी गावं आहेत, सुट्टी मोजकी असते, आणि सगळंच पाहायच्या नादात रोज बॅग भरण्यात दिवस जातात. याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आठवड्याभरात सगळी सिसिली पाहून होईल का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. भूमध्य समुद्रातलं हे सर्वांत मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तरी त्यांच्या जवळजवळ दुप्पट. पश्चिमेचं त्रापानी आणि पूर्वेचं सिराकुझा एकाच आठवड्यात बसवलं तर निम्मा वेळ रस्त्यावरच जातो.

माझं मत पक्कं आहे: आठवडा असेल तर बेटाची एक बाजू धरा आणि जास्तीत जास्त दोन गावांत मुक्काम करा. दहा-बारा दिवस असतील तरच दोन्ही बाजू. आणि मुक्काम मोजायचा तो दिवसांनी नाही, संध्याकाळींनी. दुपारी ही गावं दारं-खिडक्या लावून पडलेली असतात. उन्हं कलली की आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे चांगले कपडे घालून बाहेर पडतात आणि मुख्य रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहतात, थांबतात, गप्पा मारतात, पुन्हा चालतात. दिवसभरासाठी आलेल्या बसगाड्या तोवर निघून गेलेल्या असतात. गाव खऱ्या अर्थानं तेव्हा दिसतं. त्यामुळे एका ठिकाणी निदान तीन रात्री ठेवा.

२. विमान पालेर्मोचं घ्यावं की कातानियाचं?

भारतातून थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा युरोपातल्या अन्य एखाद्या शहरात बदलून यावं लागतं. पश्चिम आणि उत्तर किनारा (चेफालू, त्रापानी, सान व्हीतो लो कापो) करायचा असेल तर पालेर्मो, पूर्व किनारा (सिराकुझा, ताओर्मिना) करायचा असेल तर कातानिया. दोन्ही बाजू करणार असाल तर एकीकडे उतरा आणि दुसरीकडून परता. एकाच तिकिटावर असं आरक्षण होतं, आणि परत उलटा प्रवास करण्यातला एक अख्खा दिवस वाचतो.

रेल्वेची आवड असेल तर रोमहून रात्रीची गाडी धरा. इटलीच्या टोकाला व्हिला सान जोव्हान्नी इथे गाडीचे डबे तोडून जहाजाच्या पोटात चढवतात आणि मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे पुन्हा जोडतात. डब्यातून उतरून जहाजाच्या वरच्या मजल्यावर जाता येतं. मुलांना विमानापेक्षा हेच जन्मभर लक्षात राहील.

३. मुलांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते. तेव्हा समुद्रात उतरता येतं का?

उतरता येतं, पण पाणी गार लागतं. मे महिन्यात पाणी १८-१९ अंशांच्या आसपास असतं. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेल्यांना पहिल्या लाटेलाच हुडहुडी भरते. युरोपातली मुलं त्यात खुशाल डुंबतात, आपली मुलं दहा मिनिटांत बाहेर येऊन टॉवेल मागतात. एप्रिलात तर पाय भिजवण्यावरच समाधान मानावं लागेल.

पण गावं पाहायला, चालायला, डोंगरावरच्या रानफुलांसाठी एप्रिल-मेसारखे महिने नाहीत. सुट्टी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबवता आली तर दोन्ही साधतं. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर डोळे झाकून सप्टेंबर निवडा: पाणी अजून चांगलं ऊबदार, ऊन सोसवणारं आणि गर्दी ओसरलेली. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येत असेल तर तेव्हाही पाणी २२-२३ अंश असतं. फक्त पावसाची एखादी जोरदार सर धरून चाला. ऑगस्टसाठी प्रश्न १६ पाहा.

४. पहिल्यांदाच जातोय, फार विचार करायचा नाही. एकच गाव सांगा.

मुलं बरोबर असतील तर चेफालू. मोठी माणसंच असतील तर सिराकुझाचा ओर्तिजा भाग (प्रश्न ६).

चेफालूत सगळं हाताशी आहे. पालेर्मोहून गाडीनं तासाभराच्या आत-बाहेर, आणि स्टेशनपासून जुन्या गावापर्यंत चालत दहा मिनिटं. वाळूचा लांब किनारा थेट गावाच्या भिंतींना येऊन भिडतो, त्यामुळे पोहून झालं की ओल्या पायांनी गल्लीत शिरता येतं. उथळ पाणी बरंच आतपर्यंत असल्यानं लहान मुलांसाठी निर्धास्त. गावाच्या डोक्यावर २७० मीटर उंचीचा खडक उभा आहे, ला रोक्का. सकाळी लवकर चढलात तर तासाभरात वर पोचता आणि लाल कौलं, चर्चचे दोन मनोरे आणि निळा समुद्र एका नजरेत मावतो. उन्हात चढू नका, वाटेत सावली नाही.

ते चर्च राजा रॉजर दुसरा यानं ११३१ मध्ये बांधायला घेतलं. गाभाऱ्यावरच्या अर्धघुमटात सोनेरी काचतुकड्यांतून घडवलेला ख्रिस्ताचा भव्य चेहरा आहे. पालेर्मो आणि मोनरेआलेच्या वास्तूंबरोबर २०१५ पासून हे चर्च जागतिक वारसा यादीत आहे. पण माझी आवडती जागा याहून साधी आहे. मुख्य रस्त्यावरून काही दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की गावाचा जुना धोबीघाट लागतो. भिंतीतल्या लोखंडी सिंहमुखांतून गार पाणी दगडी हौदांत पडत असतं, आणि हौदांच्या कडा कपडे घासायला उतरत्या केलेल्या आहेत. इथून वाहून ते पाणी थेट समुद्राला मिळतं. भर दुपारी तिथे जाऊन बसा.

५. सगळे ताओर्मिनाचं नाव घेतात. तुम्ही ते पहिलं का सांगत नाही?

कारण ताओर्मिना समुद्रकाठचं गाव नाही, समुद्रावर नजर ठेवून डोंगरावर बसलेलं गाव आहे. ते समुद्रापासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे. स्टेशन खाली, गाव वर, किनारा पुन्हा खाली. मात्सारोच्या किनाऱ्यावर जायला रोपवे आहे, पण रोज दोनदा पोहायचा बेत असेल तर ही चढ-उतर कंटाळवाणी होते. किनारा गोट्यांचा, खोल्या महाग, आणि मोठी जहाजं लागली की मुख्य रस्त्यावर खांद्याला खांदा घासतो.

तरीही एक दिवस तिथे जाच. ग्रीकांनी उभारलेल्या आणि रोमनांनी पुन्हा बांधलेल्या रंगमंडपात वरच्या पायऱ्यांवर बसलं की रंगमंचामागच्या पडक्या भिंतीतून एत्ना हा ज्वालामुखी आणि समुद्र दोन्ही दिसतात. हे दृश्य फोटोत अनेकदा पाहिलेलं असलं तरी समोर आल्यावर गप्प व्हायला होतं. खालचं ईझोला बेल्ला हे चिमुकलं बेट किनाऱ्याला वाळूच्या अरुंद पट्टीनं जोडलेलं आहे. मुक्काम खालच्या जार्दिनी नाक्सोसला करा: सपाट, स्वस्त, पोहायला सोपं. सिसिलीत ग्रीकांची पहिली वसाहत याच जागी झाली, इसवी सनापूर्वी ७३४ च्या सुमारास.

६. ओर्तिजाला म्हणे वाळूचा किनाराच नाही. मग तिथे राहण्यात अर्थ काय?

वाळू नाही हे खरं. पण मला एकच गाव निवडायचं झालं तर मी ओर्तिजाच निवडेन.

ओर्तिजा म्हणजे सिराकुझाचं मूळ शहर, पुलांनी जोडलेलं एक छोटं बेट. कोरिंथहून आलेल्या ग्रीकांनी ते इसवी सनापूर्वी आठव्या शतकात वसवलं. आर्किमिडीज इथलाच. रोमनांनी इसवी सनापूर्वी २१२ मध्ये शहर जिंकलं तेव्हा तो मारला गेला. इथल्या मुख्य चर्चला बाहेरून वळसा घालून डाव्या बाजूच्या गल्लीत जा. भिंतीत डोरिक या प्राचीन ग्रीक शैलीतले जाडजूड खांब चिणलेले दिसतील, काही किंचित कललेले. ते अथेना या ग्रीक देवीच्या मंदिराचे खांब, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. मंदिर पाडून चर्च बांधलं नाही, खांबांमधल्या जागा दगडांनी बुजवून मंदिराचंच चर्च केलं. दर्शनी बाजू १६९३ च्या भूकंपात कोसळली, आजची नक्षीदार बाजू अठराव्या शतकातली. अडीच हजार वर्षं जिथे प्रार्थना चालू आहे त्या दगडावर तळवा टेकवता येतो. येणाजाणाऱ्यांचे हात लागून तो गुळगुळीत झाला आहे.

सकाळी बाजारात जा. अपोलोच्या देवळाच्या अवशेषांशेजारी भरतो. मासेवाल्यांच्या आरोळ्या, आख्ख्या तलवार माशाचं वर रोखलेलं तोंड, वाळवलेले टोमॅटो, केपरच्या खारवलेल्या कळ्या, पिस्ते. तिथून पश्चिम काठानं चालत गेलं की अरेतुझाचा झरा लागतो: खाऱ्या समुद्रापासून काही पावलांवर गोड्या पाण्याचं कुंड, त्यात पपायरस या लव्हाळ्याचे उभे झुबके आणि पोहणारी बदकं.

पोहायचं म्हणाल तर उन्हाळ्यात खडकांवर फळ्यांचे मंच उभारतात. त्यावरून शिडीनं थेट खोल, स्वच्छ पाण्यात उतरायचं. पोहता येणाऱ्यांना हा आनंद वाळूपेक्षा मोठा वाटतो. कालारोस्सा नावाचा गोट्यांचा छोटा किनाराही आहे. वाळूच हवी तर बसनं फोंताने ब्यांके गाठा.

७. वाळू कुठे, गोटे कुठे आणि खडक कुठे?

वाळू: चेफालू, सान व्हीतो लो कापो, पालेर्मोजवळचं मोंदेल्लो, सिराकुझाजवळचं फोंताने ब्यांके, दक्षिणेला मरीना दि रागूझा. गोटे: ताओर्मिनाखालचे किनारे आणि पश्चिमेच्या झिंगारो राखीव क्षेत्रातल्या (प्रश्न १४) बहुतेक खाड्या. खडक: ओर्तिजा, फाविन्याना बेटाचा बराचसा काठ, आणि कातानियाजवळचं आची त्रेत्सा, जिथे लाव्हाचे काळे सुळके पाण्यातून वर आलेले आहेत.

गोटे किंवा खडक असतील तिथे रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. दगडांच्या फटीत समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे तळपायात मोडले तर काढताना जीव मेटाकुटीला येतो. हे बूट इथल्या कोणत्याही किनाऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

८. भरती-ओहोटीच्या वेळा कुठे पाहायच्या?

हा प्रश्न कोकणातल्या आणि मुंबईच्या वाचकांकडून हमखास येतो. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. इथे फरक जेमतेम काही वितींचा असतो. सकाळी जिथे चटई टाकली तिथेच ती संध्याकाळी कोरडी सापडते, त्यामुळे वेळापत्रकाची गरज नाही.

पाहायचा तो वारा. वायव्येकडून वारा सुटला की चेफालू आणि सान व्हीतोसारखे उत्तरेकडे तोंड असलेले किनारे खवळतात, तेव्हा दक्षिण किनारा शांत असतो. आफ्रिकेकडून येणारा शिरोक्को वाहू लागला की उलट. लाल बावटा लागला असेल तर पाण्यात उतरू नका, पाणी कितीही निळं दिसत असलं तरी. मेसिनाच्या सामुद्रधुनीत भरती लहान असली तरी प्रवाह फार जोरदार आहेत. तिथे मनमानी पोहणं नको.

९. किनाऱ्यावर खाटा आणि छत्र्यांचे पैसे द्यावेच लागतात का?

नाही. इटलीत किनाऱ्याचे काही पट्टे खासगी चालकांना दिलेले असतात. त्याला लीदो म्हणतात. तिथे रंगीत छत्र्या ओळीनं लावलेल्या असतात, दर पाटीवर लिहिलेला असतो, पहिल्या रांगेचा जास्त आणि ऑगस्टात सगळाच जास्त. त्यात कपडे बदलायची खोली, गोड्या पाण्याचा शॉवर आणि सावली मिळते. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर एखाद्या दिवशी हे पैसे सत्कारणी लागतात.

त्याच्याच शेजारी मोकळा किनारा असतो, तिथे स्वतःची छत्री रोवा, चटई टाका, कोणी विचारत नाही. आणि लीदोच्या पुढची पाण्यालगतची पट्टी चालायला सर्वांना खुली असते. चेफालू आणि सान व्हीतोत दोन्ही प्रकार आहेत. मोंदेल्लोत उन्हाळ्यात मोकळी जागा हवी तर सकाळी लवकर पोचा.

१०. गाडी भाड्यानं न घेता जमेल का?

गावं नीट निवडलीत तर उत्तम जमेल. पालेर्मो–चेफालू आणि कातानिया–सिराकुझा, कातानिया–ताओर्मिना हे रेल्वेमार्ग समुद्राच्या कडेनं जातात आणि भाडं माफक आहे. पालेर्मो–कातानियाला आणि त्रापानीकडे जायला बस बरी. कागदी तिकीट काढलं असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या.

एक पथ्य पाळा: रविवारी आणि सणाच्या दिवशी गावोगावच्या बस फार कमी असतात, काही मार्गांवर नसतातच. मुक्काम बदलायचा दिवस रविवार ठेवू नका.

११. आणि गाडी घ्यायचीच असेल तर?

झिंगारो, आग्नेय किनाऱ्यावरचं व्हेंदिकारी राखीव क्षेत्र आणि मार्त्सामेमी हे कोळ्यांचं गाव, दक्षिणेचे निवांत किनारे यांसाठी गाडी खरोखर उपयोगी. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा. वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात हे लक्षात असू द्या.

सर्वांत जपायचं ते जुन्या गावांतल्या बंदीच्या भागांना. लाल वर्तुळाची पाटी आणि झेडटीएल ही अक्षरं दिसली की आत शिरायचं नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी, तुम्ही घरी पोचून प्रवास विसरल्यावर येते. वर भाड्याची कंपनी माहिती पुरवल्याचे पैसे वेगळे लावते. ओर्तिजा, पालेर्मो, चेफालू कुठेही असाल तर गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर ठेवा. रस्त्यावर पांढऱ्या रेघा म्हणजे सहसा फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या म्हणजे राखीव.

१२. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. कोणतं गाव सोपं?

ओर्तिजा आणि त्रापानी. दोन्ही जवळजवळ सपाट, दोन्हीकडे बसायला बाक आणि समुद्राकाठची फरसबंद वाट. चेफालूही चालेल, ला रोक्का वगळून. ताओर्मिना एका दिवसापुरतं ठेवा आणि वर जायला टॅक्सी किंवा रोपवे घ्या. खोली घेताना लिफ्ट आहे का हे आधी लेखी विचारा. जुन्या घरांत तिसरा मजला म्हणजे अरुंद दगडी जिना असतो.

आईला साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये किनाऱ्यावर अवघडल्यासारखं होईल का, असंही विचारतात. अजिबात नाही. तिथल्या आजीबाईही गुडघाभर पाण्यात गोल करून उभ्या असतात आणि तासन् तास गप्पा मारतात. आईला त्यांच्याशेजारी उभं राहू द्या, भाषेवाचून काही अडत नाही. चर्चमध्ये जाताना मात्र सर्वांनी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. मासळीच्या गावात उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. दक्षिण युरोपात शाकाहारी माणसाला इतकं चविष्ट खायला क्वचितच कुठे मिळतं. पालेर्मोत रस्त्यावर पानेल्ले मिळतात: हरभऱ्याचं पीठ शिजवून पाटवडीसारखं थापायचं, तुकडे करून तळायचे आणि तीळ लावलेल्या पावात घालून लिंबू पिळून खायचे. मुंबईच्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. कातानियाकडे पास्ता आल्ला नोर्मा, म्हणजे तळलेली वांगी, टोमॅटो आणि वर किसलेलं खारवलेलं रिकोत्ता चीज. कापोनाता ही वांग्याची आंबट-गोड भाजी. कडधान्यांत वाळलेल्या बाकल्याचं दाट वरण, माक्कू.

आणि सकाळी ग्रानीता. बदामाची किंवा तुतीची घ्या. काचेच्या पेल्यात बर्फाचा मऊ रवाळ गोळा येतो, सोबत कोमट ब्रियोश, म्हणजे मऊ गोडसर पाव. ब्रियोशच्या डोक्यावरची गोळी तोडायची, ग्रानीतात बुडवायची आणि खायची. इथली माणसं उन्हाळ्यात हाच नाश्ता करतात. ब्रियोशमध्ये अंडं असतं, ग्रानीतात सहसा नसतं.

आता मांस-मासे कुठे लपलेले असतात ते सांगतो. स्फिंच्योने हा जाड पिझ्झा दिसायला साधा, पण त्यात बहुधा आंचोव्ही मासे असतात. लोण्याची म्हणून विकली जाणारी आरांचिना (भाताचा तळलेला गोळा) हॅमसह येते, पालकाची मागा. कान्नोली या गोड पदार्थाच्या कुरकुरीत नळीत पुष्कळदा डुकराची चरबी असते. पार्मेजानो आणि पेकोरीनो चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात. हे चालत नसेल तर चीजशिवाय मागा. पानेल्ले कधीकधी माशांच्याच तेलात तळतात, ते विचारा. “सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा आच्चुगे” एवढं वाक्य पाठ करा: मांस नको, मासे नकोत, आंचोव्ही नको. जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी हे उत्तम. पालेर्मोच्या बाल्लारो बाजाराच्या परिसरात बांगलादेशी आणि श्रीलंकन दुकानदारांकडे डाळ, तांदूळ, मसाले मिळतात.

१४. पश्चिमेकडे फारसं कोणी जात नाही. तिथे काय आहे?

खूप काही आहे, आणि गर्दीही कमी. त्रापानी हे दोन समुद्रांमध्ये विळ्यासारखं शिरलेलं शहर. दक्षिणेला मिठागरं आणि पवनचक्क्या. सूर्यास्ताला मिठाच्या चौकोनांत गुलाबी आभाळ उतरतं. रोपवेनं एरिचे हे ७५० मीटर उंचीवरचं दगडी गाव गाठता येतं, मात्र जोराचा वारा असेल तर रोपवे बंद ठेवतात. खाण्यात ट्युनिशियाची सावली स्पष्ट दिसते: इथे कुस्कुस (रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) माशांच्या रश्श्याबरोबर खातात, आणि सान व्हीतोत दर सप्टेंबरात कुस्कुसचा मोठा उत्सव भरतो.

सान व्हीतो लो कापोचा किनारा पांढऱ्या वाळूचा, मागे सरळसोट डोंगर. सिसिलीतला वाळूचा सर्वांत सुंदर किनारा कोणता असं विचारलंत तर मी याचंच नाव घेईन. तिथून पूर्वेला स्कोपेल्लोपर्यंत झिंगारोचं राखीव क्षेत्र पसरलं आहे, सुमारे सात किलोमीटरचा रस्ता नसलेला किनारा. तो तसा राहिला तो लोकांमुळे. किनाऱ्यानं गाड्यांचा रस्ता काढायचं काम सुरू झालं होतं. मे १९८० मध्ये हजारो लोक चालत निघाले आणि त्यांनी त्याला विरोध केला. १९८१ मध्ये ते सिसिलीतलं पहिलं राखीव क्षेत्र झालं. स्कोपेल्लोच्या बाजूनं आत शिरलात की रस्त्यासाठी फोडलेला बोगदा आजही लागतो आणि त्याच्यापुढे पायवाट सुरू होते. पाणी भरपूर न्या, आत दुकान नाही. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे ते कधीकधी बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी करा.

१५. छोटी बेटं जोडावीत का? एत्ना आणि स्काला देइ तुर्की?

तिन्हींबद्दल एकत्रच विचारणा होते, म्हणून एकत्र. त्रापानीहून वेगवान बोटीनं फाविन्याना अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सकाळी जाऊन, सायकल भाड्यानं घेऊन संध्याकाळी परता. जुन्या दगडखाणींच्या कापलेल्या भिंतींखाली नीलमण्यासारखं पाणी असलेली कालारोस्सा खाडी चुकवू नका (ओर्तिजातली त्याच नावाची, ती वेगळी). एओलियन बेटांसाठी मिलात्सोहून बोटी सुटतात. स्त्रोंबोलीचा ज्वालामुखी रात्री बोटीतून पाहायचा असेल तर एक-दोन रात्री बेटावरच काढा, धावतपळत जाण्यात मजा नाही. समुद्र खवळला की या बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका.

एत्ना ताओर्मिना किंवा कातानियाहून एका दिवसात होतो. उन्हाळ्यातही वर गार वारा असतो, जाडसर जॅकेट न्या. राखेचा उद्रेक झाला तर कातानियाचा विमानतळ काही तास बंद पडू शकतो.

स्काला देइ तुर्की या पांढऱ्याशुभ्र कड्यावर चढण्यावर निर्बंध आहेत. मऊ दगड पावलांनी झिजतो आणि कोसळतो. शेजारच्या किनाऱ्यावरून किंवा वरच्या रस्त्यावरून पाहा. फक्त त्यासाठी लांबचा फेरा नको. आग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं पाहायला जाणार असाल तर वाटेत करा.

१६. सुट्टी फक्त ऑगस्टमध्येच मिळते. मग बेत रद्द करावा का?

रद्द करू नका, गाव बदला. १५ ऑगस्टला इटलीचा मोठा सण असतो आणि त्याच्या मागचेपुढचे दोन आठवडे सगळी इटली समुद्रावर येते. चेफालू, ताओर्मिना, सान व्हीतोत खोल्यांचे दर चढलेले आणि किनारे भरलेले असतात. उन्हाची कल्पना यावी म्हणून सांगतो: ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकुझाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, युरोपातलं आजवरचं सर्वाधिक.

अशा वेळी त्रापानीत राहा, तिथे वारा असतो. नाहीतर एओलियन बेटांपैकी सालीना. खोली बरीच आधी ठरवा आणि एसी आहे याची खात्री करा. दिवस असा आखा: सात ते दहा समुद्र, दुपार घरात, पाचनंतर पुन्हा बाहेर. प्राचीन अवशेष भर दुपारी पाहायला जाऊ नका.

१७. सिसिलीला लागून माल्टा किंवा ट्युनिशिया करता येईल का?

माल्टा सहज. पोत्सालो बंदरातून व्हालेत्ताला जाणारी बोट सुमारे पावणेदोन तासांत पोचते आणि माल्टाही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. अर्ज मात्र जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा.

ट्युनिशियाचं प्रकरण वेगळं. पालेर्मोहून तिकडे बोट जाते, पण तिथे पाऊल ठेवलं की तुम्ही शेंगेनबाहेर गेलात. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत सिसिलीत येता येणार नाही, आणि परतीचं विमान कातानियाहून असेल तर मोठी पंचाईत. अर्ज करतानाच एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि हातात आल्यावर त्यावरचा प्रवेशांचा रकाना नीट वाचा. शेंगेनसाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात मुंबईत भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून तो लवकर करा.

१८. डिसेंबर-जानेवारीत गेलं तर?

समुद्रस्नान विसरा, बाकी आनंदानं जा. फक्त सुट्टीच्या मोसमावर जगणारी गावं टाळा. सान व्हीतो, मार्त्सामेमी, छोटी बेटं इथे निम्मी खानावळी बंद असतात आणि संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाराही महिने माणसं राहतात अशी शहरं धरा: ओर्तिजा, त्रापानी, कातानिया, पालेर्मो. संत्र्यांचा हंगाम असतो, एत्नावर बर्फ असतं, आणि सिराकुझाजवळच्या नोतो गावाचा मधाच्या रंगाचा दगड तिरप्या उन्हात फार सुंदर दिसतो. मुक्काम फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलता आला तर ३ ते ५ तारखेला कातानियात असा. शहराची रक्षक संत सांत आगाता हिच्या उत्सवात सारं शहर पांढरे अंगरखे घालून रस्त्यावर उतरतं. त्या दिवसांसाठी खोल्या लवकर संपतात, तेव्हा कातानियात जागा नाही मिळाली तर सिराकुझाला राहून रेल्वेनं ये-जा करा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी पाहून ठेवा.